कॉलेजचा निम्मा अभ्यास टाइमटेबलमध्ये नसतो

जून संपता संपता तालुक्याच्या कॉलेजपुढच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. बारावी झालेली पोरं-पोरी ऑनलाइन अर्ज भरायला आलेली असतात आणि अर्जावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, आयकेएस असे रकाने असतात. त्यांचा अर्थ विचारायला कोणी नसतं. मग दुकानदार म्हणेल तिथे टिचकी मारून मोकळं व्हायचं. पाच-सहा महिन्यांनी पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो, बारावीला बरे मार्क असलेली काही मुलं दोन-तीन विषयांत अडकतात आणि घरी ऐकावं लागतं, "कॉलेजात गेलं अन् पोट्टं बिघडलं."

काही पोट्टी बिघडतातही, नाही असं नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट वेगळी असते. शाळा आणि कॉलेज यांच्यात कामाची वाटणी बदललेली असते, आणि ती बदलली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ती वाटणी कळायची असेल तर आधी 'क्रेडिट' कळायला हवं.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय?

हे माप आलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून, धोरण २०२० चं. महाराष्ट्रात विद्यापीठांशी संलग्न असलेल्या साध्या कॉलेजांत त्यानुसार पदवीचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून सुरू झाला. म्हणजे नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीचं गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांखालची खेड्यापाड्यांतली कॉलेजं त्यात आली. या पद्धतीत विषय मार्कांबरोबर क्रेडिटांत मोजला जातो.

क्रेडिट हे कामाच्या तासांचं माप आहे. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात वर्गातले १५ तास. प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे प्रयोगशाळेतले ३० तास. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिटं, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. तुमचा मुख्य विषय तो मेजर, जोडीचा दुसरा तो मायनर, आणि बाकीची अक्षरं म्हणजे छोटे विषय. ओई हा दुसऱ्या शाखेतून निवडायचा, व्हीएससी आणि एसईसी कौशल्याचे, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा, शिवाय भाषा वगैरे. इतकं कळलं तरी अर्ज स्वतः भरता येतो. मेजर मात्र मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नये, कारण पुढची तीन-चार वर्षं त्याच्याशीच गाठ असते.

खरी गोम पुढे आहे. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट आणि वर्षाचे १२०० तास असा हिशेब धरला आहे. भागाकार करा. एका क्रेडिटला ३० तास येतात. थिअरीचे १५ तास तर वर्गात झाले, मग उरलेले १५ कुठे गेले? ते तुमचे आहेत. लायब्ररीत, अभ्यासिकेत, घरी, जिथे जमेल तिथे, पण तुम्ही स्वतः करायचे.

सगळे विषय थिअरीचे धरले तर २२ क्रेडिटांना वर्गात ३३० तास आणि वर्गाबाहेर ३३० तास. सेमिस्टरचे आठवडे पंधराच्या आसपास. म्हणजे वर्गाबाहेरचे आठवड्याला २२ तास, दिवसाला तीनहून थोडे जास्त. सायन्सवाल्यांचा बराच वेळ प्रॅक्टिकलमध्येच जात असल्यामुळे त्यांचा आकडा थोडा उतरतो, एवढंच.

शाळेत हे तास गुरुजी वसूल करून घेत. गृहपाठ, वही तपासणी, "उद्या धडा पाठ करून या". कॉलेजात वही कोणी मागत नाही. तुम्ही आलात काय अन् नाही आलात काय, सर फळ्यावर पुढे जातात. पहिल्या महिन्यात हे स्वातंत्र्य फार गोड वाटतं.

दिवसाला तीन तास आणायचे कुठून?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यानं हा हिशेब मांडला त्याच्या डोळ्यांपुढे हॉस्टेलवर राहणारा विद्यार्थी असणार. घाटंजी किंवा एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या गावाहून सकाळच्या एकुलत्या एका एसटीनं येणारी मुलगी त्याच्या डोळ्यांपुढे नसणार. तिचे दोन-अडीच तास बसमध्ये आणि बसची वाट पाहण्यातच जातात. घरी गेली की पाणी, स्वयंपाक, भांडी. म्हणून तीन तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावायचा सल्ला मी देत नाही. ते चौथ्या दिवशी मोडतं आणि उगाच मन खातं.

पण तास कमी असले की ते कसे वापरायचे याला जास्त महत्त्व येतं. आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं.

वाचलं तं होतं, मग पेपरात आठवलं काऊन नाही?

परीक्षेनंतर हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. "सर, वाचलं तं होतं. चार-चारदा वाचलं होतं." ते खोटं बोलत नसतात. वाचलेलं असतं, पिवळ्या-हिरव्या पेनानं रंगवलेलंही असतं. पण वाचताना 'हे मला माहीत आहे' असं वाटणं आणि पुस्तक मिटल्यावर ते सांगता येणं ही मनाची दोन वेगळी कामं आहेत.

मामाच्या गावाला तुम्ही बाबांच्या गाडीवर मागे बसून दहादा गेलेले असता. रस्ता ओळखीचा असतो, वडाचं झाड आलं की कळतं, नाला आला की कळतं. एक दिवस एकट्यानं गाडी घेऊन जायची वेळ येते आणि पहिल्याच फाट्यावर पाय टेकावा लागतो, डावीकडे की उजवीकडे? नुसतं वाचणं हे मागे बसून जाणं आहे. पेपरात गाडी तुमच्या हातात असते.

२००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. नंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, आणि काहींच्या बाबतीत उतारा बाजूला ठेवून जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. हीच परीक्षा आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटं झालं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६.

या आकड्यांतच सगळी फसगत आहे. पाच मिनिटांनी वाचणाराच पुढे असतो, म्हणून त्याला वाटतं आपली पद्धत बरोबर आहे. परीक्षा मात्र पाच मिनिटांनी नसते.

दुसरी गोष्ट विसरण्याची. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत भराभर गळतं, नंतर गळती मंदावते. त्यामुळे एकाच बैठकीत चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास पंधरा दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी दिले तर जास्त टिकतं. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन चाळून काढलं. सर्वांत वरच्या ओळीत दोनच पद्धती आल्या, स्वतःची परीक्षा घेत राहणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं तळाच्या गटात गेलं.

हे एसटीत बसून करता येतं का?

येतं, आणि खरं तर तिथेच चांगलं जमतं, कारण बसमध्ये पुस्तक उघडलं तरी धक्क्यांनी वाचता येत नाही. आठवायला पुस्तक लागत नाही.

सकाळी अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची लवचिकता झाली, असं समजा. परतीच्या बसमध्ये खिडकीला टेकून स्वतःला विचारायचं, आज काय झालं? लवचिकता म्हणजे काय? किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते ते. मिठाची मागणी कमी लवचिक का? दुप्पट महाग झालं तरी आपण भाजीत तेवढंच टाकतो. प्रकार किती सांगितले होते? पाच. कोणते? इथे तीनच आठवतात. ठीक. घरी पोचल्यावर वही उघडून फक्त राहिलेले दोन पाहायचे. दहा मिनिटांचं काम. तीन दिवसांनी हाच टॉपिक कोऱ्या पानावर, न बघता. मग रविवारी आणि मग महिन्याभरानं एकदा. दर वेळी आधीपेक्षा कमी वेळ लागतो.

आठवताना डोक्याला त्रास होतो. काहीच येत नाहीये असं वाटतं आणि वही उघडायचा मोह होतो. तो मोह एक-दोन मिनिटं आवरला तरी पुरे, त्या धडपडीतच ते पक्कं होत असतं. चुकीचं आठवलं तर? वही पाहून लगेच दुरुस्त करा, पण पाहिल्याशिवाय सोडू नका, नाही तर चूकच पाठ होईल.

गणित आणि अकाउंटला हेच वेगळ्या वेशात. सोडवलेलं उदाहरण वाचून 'समजलं' म्हणण्यात काही अर्थ नाही. उत्तर कागदानं झाकायचं, स्वतः सोडवायचं, अडलं की एक ओळ उघडायची, पुन्हा झाकायचं. जर्नल एंट्रीत नावे आणि जमा कुठे येतं हे हातानं केल्याशिवाय कोणालाच कळलेलं नाही.

मोबाईलबद्दल फार बोलत नाही, घरोघरी त्यावर भरपूर बोललं जातं. आठवायच्या त्या दहा मिनिटांत तो दप्तरात तळाला असावा, एवढंच.

पण आयएमपी वाचून सगळे पास होतातच की!

होतात. खोटं कशाला बोला? आदल्या रात्री गाईड किंवा अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसणारा पहिल्या सेमिस्टरला बहुधा निघून जातो. अडचण तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला येते, कारण मेजर विषय मागच्यावर पुढचं असा रचलेला असतो. पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र डोक्यात नसेल तर दुसऱ्या वर्षाचं पुस्तक परक्या भाषेतलं वाटतं. शिवाय इंटर्नल असतंच. सेमिनार, असाइनमेंट, चाचण्या यांचे मार्क सेमिस्टरभर पडत असतात, ते शेवटच्या रात्री मिळत नाहीत. एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची सवलत. ती मिळते, पण त्या विषयाचा अभ्यास पुढच्या सेमिस्टरच्या बोकांडी बसतो.

आणि जी पोरं पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी म्हणतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. बीएचा इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र नीट केलेल्याला त्या अभ्यासाची निम्मी वाट आधीच झालेली असते. बीए नुसतं 'काढून घ्यायचं' आणि मग त्याच विषयांसाठी पुण्याला खोली करून राहायचं, हे गणित मला कधीच कळलेलं नाही.

मराठीतून शिकलो, इथे सगळं इंग्रजीत

विदर्भातल्या खेड्यातून सायन्स किंवा कॉमर्सला आलेल्या मुलांची ही सर्वांत मोठी धास्ती. अनेक जण पहिल्या पंधरवड्यातच मनातून हरतात. वर्गात प्रश्न विचारत नाहीत, कारण प्रश्न इंग्रजीत विचारावा लागेल असं वाटतं. लागत नाही. सरही तुमच्याच भागातले असतात आणि घरी वऱ्हाडीच बोलतात.

इथे दोन कामं सुटी करावी लागतात. विषय समजणं हे एक आणि तो इंग्रजीत लिहिणं हे दुसरं. दोन्ही एकदम करायला गेलं की दोन्ही बुडतात आणि शेवटी न समजलेली इंग्रजी वाक्यं घोकणं उरतं. आधी मराठीत समजून घ्या. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत, त्यात इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द सापडतो. मग वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात इंग्रजी संज्ञा, स्पेलिंगसकट. दुसऱ्यात मराठीत, आपल्या शब्दांत अर्थ. तिसऱ्यात त्या संज्ञेवर एकच छोटं इंग्रजी वाक्य, व्याकरण साधंच असलं तरी चालेल. आठवताना पहिला रकाना उघडा ठेवून बाकीचे झाका. दिवसाला पाच संज्ञा केल्या तरी सेमिस्टर संपेपर्यंत पुस्तक डोळ्यांना सरावतं.

आणखी एक. विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत पेपर लिहू द्यावा. तुमच्या विषयाला ती मुभा आहे का, हे कॉलेजच्या परीक्षा विभागात पहिल्याच महिन्यात विचारा.

परीक्षा आणि सोंगणी एकाच वेळी येते त्याचं काय?

यावर अभ्यासाच्या सल्ल्यांत कोणी बोलत नाही, आणि गावात तर हाच मुख्य प्रश्न. पहिलं सेमिस्टर सुरू होतं तेव्हा भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची रोवणी चाललेली असते. यवतमाळ, वाशीम, अकोल्याकडे निंदण-डवरणी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्याला लागून कापसाची वेचणी, तिकडे धानाची कापणी, आणि हिवाळी परीक्षा याच दिवसांच्या आगेमागे. उन्हाळी परीक्षेच्या सुमारास जंगलपट्ट्यात मोहफुलं आणि नंतर तेंदूपत्ता. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. घरचा तरणा हात शेतात जाणारच.

म्हणून 'दिवाळीनंतर बघू' हे शहरातल्या मुलाला एखाद वेळी परवडेल, आपल्याला परवडत नाही. पोळ्याच्या आसपासचे आठवडे त्या मानानं मोकळे असतात. निम्मा पोर्शन तेव्हाच कोऱ्या पानावर यायला हवा, म्हणजे ऑक्टोबरात शेतावरून थकून आल्यावर नवीन शिकायचं राहत नाही, फक्त उजळणी करायची राहते. घरच्यांशीही आधीच बोलून घ्या. परीक्षेचं टाइमटेबल लागलं की भिंतीवर चिकटवा आणि कोणत्या दिवशी येता येणार नाही ते बाबांना आधीच सांगा. ऐन सकाळी "आज पेपर आहे" म्हटलं की भांडण होतं. हजेरी बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते, तेव्हा सलग आठवडाभर गैरहजर राहणार असाल तर आधी वर्गशिक्षकांना भेटा. आधी सांगणाऱ्याला बहुतेक जण सांभाळून घेतात.

मदत कोणाकडे मागायची?

कॉलेजात मदत असते, पण ती तुमच्याकडे चालत येत नाही. ज्यांच्या घरात आधी कोणी पदवी घेतलेली नाही त्यांना ती कुठे असते हेच माहीत नसतं, आणि विचारायला संकोच वाटतो. 'एवढंही येत नाही' असं म्हणतील ही भीती.

बहुतेक कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्राध्यापक 'मेंटॉर', म्हणजे मार्गदर्शक, म्हणून नेमून दिलेला असतो. नॅक या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेला कॉलेजं याची माहिती देत आली आहेत, म्हणून यादी कागदावर तरी बहुधा असतेच. त्या यादीत आपलं नाव कोणापुढे आहे ते शोधा आणि जाऊन भेटा. जाताना "सर, काहीच समजत नाही" घेऊन जाऊ नका, त्यावर कोणी काय करणार? "सर, या उदाहरणात तिसऱ्या पायरीला हे कुठून आलं?" असं विचारा. अडलेली जागा दाखवणाऱ्या मुलाला वेळ देणारे शिक्षक सापडतात. टाळणारेही भेटतील. मग त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकांकडे किंवा वरच्या वर्गातल्या ताई-दादाकडे जा.

लायब्ररीत बुक बँक असते का, मागच्या प्रश्नपत्रिका मिळतात का, हे पहिल्या आठवड्यात विचारून घ्या. त्या प्रश्नपत्रिका उत्तरं वाचायला नाहीत, न बघता सोडवायला आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर २०१७ पासून फुकट शिकता येतं, परीक्षा दिली तर तेवढी फी लागते. गावात नेट येत नसेल तर 'स्वयंप्रभा' ची चॅनेलं डिशवर दिसतात.

पैशांची बाजूही अभ्यासाचीच बाजू आहे. फीच्या चिंतेत असलेल्याला लवचिकता आठवत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात, आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं यांत काही राहिलं की अर्ज परत येतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. (वरचं 'स्वयं' वेगळं बरं का. एकाचा अर्ज करून दुसऱ्याची वाट पाहत बसू नका.) काही कॉलेजांत 'कमवा आणि शिका' ही असते.

आणि मन फारच खचलं, झोप उडाली, नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर रात्री-बेरात्रीही लागतो, फुकट, आणि मराठीतूनही बोलता येतं.

आणि मधेच शिक्षण सुटलं तर?

एखाद्या वर्षी पीक जातं, घरात आजारपण येतं, मुलीचं लग्न ठरतं. पूर्वी मधेच सोडलेलं वर्ष वायाच जायचं. आता मिळवलेली क्रेडिटं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन बँकेत तुमच्या नावच्या खात्यात जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. ठरलेल्या मुदतीत परत आलं तर पुढून सुरू करता येतं. पहिलं वर्ष पूर्ण करून सोडलं तर प्रमाणपत्राची आणि दुसरं करून सोडलं तर पदविकेची तरतूद आहे, त्यासाठी जादा क्रेडिटांची अट असते ती कॉलेजात विचारावी.

मात्र क्रेडिटं खात्यात खरोखर पडली आहेत की नाहीत हे तुम्हालाच पाहावं लागतं. या खात्यासाठी प्रवेशाच्या वेळी काढलेल्या आयडीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी गोंधळ होतो. दर निकालानंतर डिजिलॉकर उघडून बघा. दिसत नसतील तर मार्कशीटची झेरॉक्स घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.